कंडेन्सर, नळी आणि जाळी

११ जानेवारी, वसतिगृह, पुणे

आज इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा चौथा तास. फळ्यावर कर्लचा डिटर्मिनंट मांडला: वरच्या ओळीत दिशा, मधल्या ओळीत विकलनं, खाली क्षेत्राचे घटक. मी तो सोडवला, उत्तर पुस्तकाशी जुळलं. पण ते उत्तर कशाचं आलं, हे मला सांगता आलं नसतं. आधीच्या सगळ्या विषयांत करंट तारेतून जायचा आणि व्होल्टेज दोन टोकांना मोजायचं. इथे तार नाहीच. नुसती जागा आहे, आणि त्या जागेच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण आहे म्हणतात.

मॅडमनी एक गोष्ट चांगली सांगितली. वाहत्या पाण्यात छोटं चाक धरायचं. ते स्वतःभोवती फिरलं तर तिथे कर्ल आहे. मला लगेच आमच्याकडचा कालवा आठवला. पाणी सरळच जातं, कुठे भोवरा नाही. पण काठाला पाण्याचा वेग कमी, मधे जास्त. म्हणजे काठाजवळ धरलेलं चाक फिरणार! भोवरा दिसत नसतानाही कर्ल असू शकतो. अर्धा तास मी याच विचारात होते आणि पुढची दोन सूत्रं उतरवायची राहिली.

२६ जानेवारी, नारायणगाव

सुट्टीला घरी. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मोटार-दुरुस्तीच्या दुकानात तीन मोनोब्लॉक आणि एक सबमर्सिबल पंप उघडून पडलेले. या दिवसांत कांद्याला आणि टोमॅटोला पाणी चालू असतं. थ्री फेजमधला एक फेज गेला की मोटार उरलेल्या दोनांवर ओढत राहते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. जळक्या व्हार्निशच्या वासात मी वाढले. चौथीपासून वेढे मोजायला मीच बसायचे.

आज मात्र मी टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती जबडा मिटून करंट मोजायचं यंत्र, घेऊन बसले. अण्णांना विचारलं, "हा तारेला शिवत पण नाही, मग आतला करंट याला कळतो कसा?"

"अगं, तारेभोवती त्याचं वारं असतं. जबडा मिटला का ते सापडतं. उघडा ठिवला तर आकडा खरा येत नाय."

अँपिअरचा नियम यापेक्षा वेगळं काय सांगतो? बंद वाट घ्या, त्या वाटेवरचं चुंबकीय क्षेत्र जोडत चला; बेरीज होईल ती आतून गेलेल्या करंटएवढी. जबडा म्हणजे ती बंद वाट. पुस्तकातलं वर्तुळावर काढलेलं इंटिग्रलचं चिन्ह मला पहिल्यांदाच लोखंडी दिसलं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतल्या तर शून्य, कारण एकीतून जातो तेवढाच दुसरीतून परत येतो. करंट फार कमी असला की अण्णा तीच तार जबड्यातून दहादा फिरवतात आणि आकड्याला दहाने भागतात. अण्णा दहावी नापास आहेत. नियमाच्या या तिन्ही बाजू ते तीस वर्षं रोज वापरत आले आहेत.

दुपारी मी हट्टाने एक प्रयोग केला. सिंगल फेज मोटारीचा ३६ मायक्रोफॅरडचा रनिंग कंडेन्सर घेतला, फ्यूज घालून थेट २३० व्होल्टवर लावला, जोडणी अण्णांनी स्वतः तपासली. हिशेबाने २.६ अँपिअर यायला हवेत. टोंग टेस्टरने २.७ दाखवले. ठीकच आलं. मग एक फुटका कंडेन्सर कापून उघडला. आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची गुंडाळी, तिच्यावर धातूचा थर. एका थराचा दुसऱ्याला स्पर्श कुठेच नाही. म्हणजे तारेत पावणेतीन अँपिअर आणि मधल्या फिल्मच्या पार एकही इलेक्ट्रॉन जात नाही.

आता अँपिअरची बंद वाट तारेभोवती धरली आणि तिच्यावर पडदा ताणला, तर तार पडद्याला भोसकते. करंट २.७. तोच पडदा फुगवून थरांच्या मधून नेला तर त्याला भोसकायला काहीच नाही. करंट शून्य. वाट तीच आणि उत्तरं दोन! नियम तरी चुकला असेल, नाहीतर त्या रिकाम्या जागेत काहीतरी चाललंय.

अण्णांना हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ कापलेल्या कंडेन्सरकडे बघत राहिले. म्हणाले, "मधी काय चाललंय, हे मी कधी बघितलंच नाय."

२ फेब्रुवारी

कंडेन्सरच्या थरांमधल्या त्या जागेत बदलतं विद्युतक्षेत्र असतं, आणि बदलतं विद्युतक्षेत्रही करंटसारखंच आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं करतं. मॅक्सवेलने ही भर १८६१-६२च्या लेखमालेत घातली. पुस्तकात याला एक परिच्छेद दिलाय आणि पुढे लगेच उदाहरणं. मला तिथे थांबावंसं वाटतं. फॅरडेने १८३१ साली दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र निर्माण करतं. आता उलटंही खरं ठरलं. मग दोघं एकमेकांना उभं करत पुढे सरकू शकतात, तारेशिवाय, कंडेन्सरशिवाय.

किती वेगाने? हे वाचताना आज रात्री मला झोप आली नाही. १८५६ साली वेबर आणि कोलराउश यांनी लायडेनच्या बरणीतला विद्युतभार दोन वेगळ्या पद्धतींनी मोजला होता. बरण्या, तारा, गॅल्व्हानोमीटर. प्रकाशाशी काही संबंध नाही. त्या मापांवरून मॅक्सवेलने काढलेला वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर. त्याच्यासमोर दुसरा आकडा होता फिझोचा. फिझोने पॅरिसजवळ दातेरी चाकामधून प्रकाशाचा किरण पाठवून आणि सुमारे साडेआठ किलोमीटरवरच्या आरशावरून परत आणून १८४९ साली प्रकाशाचा वेग मोजला होता: ३,१४,८५८. एक आकडा बरणीतून, दुसरा आरशातून, आणि दोघांत सुमारे १.३ टक्क्यांचा फरक.

मी कॅल्क्युलेटरवर आजचे स्थिरांक घालून पाहिलं. म्यू-नॉट आणि एप्सिलॉन-नॉटचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याचा व्यस्त. २.९९८, पुढे दहाचा आठवा घात. या दोन संख्या मी बारावीपासून पाठ म्हणतेय. दोघींना एकत्र आणून बघ, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

इनसेमचे, म्हणजे सत्रामधल्या परीक्षेचे, मार्क लागले. तीसपैकी नऊ. डायव्हर्जन्स प्रमेयाच्या पडताळणीत गोलाच्या पृष्ठभागाचा घटक चुकला आणि तिथून सगळंच चुकलं. घरी सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "उकल आणि परत गुंडाळ." जळलेल्या मोटारीबद्दल ते हेच म्हणतात.

२० फेब्रुवारी

आज क्लायस्ट्रॉनचा, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या उपकरणाचा, बाक. मायक्रोवेव्ह लॅब तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. आधी पंखा, मग बीम व्होल्टेज. हा क्रम बाकावरच चिकटवून ठेवलेला आहे. क्लायस्ट्रॉनपासून पुढे पितळी चौकोनी नळी: आयसोलेटर, अटेन्युएटर, फ्रीक्वेन्सी मीटर, मग वरून बारीक चीर असलेला तुकडा आणि शेवटी पत्र्याने बंद केलेलं तोंड. नळीच्या आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर, उंची १०.१६. वेव्हगाइड म्हणतात तो हाच. मधे तार नाही. नळी पोकळ.

चिरेतून एक छोटा प्रोब आत डोकावतो. तो सरकवत न्यायचा आणि मीटरचा काटा बघायचा. मी हळूहळू सरकवला. काटा चढला, उतरला, जवळजवळ शून्यावर आला, पुन्हा चढला. बंद तोंडावरून लहर परत येते, जाणारी आणि येणारी एकमेकींवर पडतात, आणि नळीत ठरावीक अंतरावर पडीक जागा तयार होतात. मी त्या जागा व्हर्निअरवर वाचल्या: ८.१२, १०.३३, १२.५६ सेंटिमीटर. सरासरी अंतर २.२२. म्हणजे नळीतली लहर ४.४४ सेंटिमीटर लांब.

पाणी, वारा, दोरी यांच्या उपमांनी जे झालं नव्हतं ते या तीन आकड्यांनी झालं. पोकळ नळीत काहीतरी आहे, त्याला लांबी आहे आणि ती मी पट्टीवर वाचली.

सूत्रात घालून फ्रीक्वेन्सी काढली: ९.४१ गिगाहर्ट्झ. फ्रीक्वेन्सी मीटर फिरवला तर खळगा ९.४वर. पण याच फ्रीक्वेन्सीची लहर मोकळ्या हवेत ३.१९ सेंटिमीटर असते. नळीत ती लांबली कशी? फ्रीक्वेन्सी गुणिले लांबी केलं, तर वेग निघाला सेकंदाला ४.१८ गुणिले दहाचा आठवा घात मीटर. प्रकाशापेक्षा जास्त! मी तीनदा तपासलं आणि मॅडमकडे गेले.

त्यांनी वहीत दोन भिंती काढल्या आणि त्यांच्यामधे आपटत जाणारी तिरकी रेषा. लहर नळीत सरळ जात नाही, भिंतीवरून भिंतीवर उसळत जाते. तिची शिखरं भिंतीला जिथे जिथे टेकतात तो ठिपका वेगाने पळतो, जशी तिरकी येणारी लाट बांधावर फुटत जाते तेव्हा फुटण्याची जागा लाटेपेक्षा भरभर सरकते. त्या ठिपक्याबरोबर कोणतीही वस्तू किंवा ऊर्जा प्रवास करत नाही. ऊर्जा नागमोडी वाटेने जाते म्हणून तिला उशीर होतो: २.१५ गुणिले दहाचा आठवा घात. दोन्ही वेगांचा गुणाकार केला तर बरोबर प्रकाशाच्या वेगाचा वर्ग.

आणि फ्रीक्वेन्सी कमी करत नेली तर? उसळी अधिकाधिक आडवी होत जाते. ६.५६ गिगाहर्ट्झला, म्हणजे कटऑफ फ्रीक्वेन्सीला, अर्धी लहर नळीच्या रुंदीएवढी होते, आणि लहर दोन भिंतींत जागच्या जागी आपटत राहते, पुढे जातच नाही. त्याहून लांब लहर या नळीत शिरली तर तोंडापाशीच विरून जाते. लांब लहरीला अरुंद भोक म्हणजे भिंतच.

२८ फेब्रुवारी, खोडद

विज्ञान दिनाला इथली रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. यंदा अण्णांना घेऊन गेले. या तबकड्या मी लहानपणापासून शेताच्या बांधावरून बघत आले. त्यांच्याजवळ जाऊन त्या काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे ही दुर्बीण इथे उभी केली. ३० अँटेना, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ तीन बाहूंवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. इतकी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याने तिचं काय झालं असतं! म्हणून ताणलेल्या दोऱ्यांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं.

अण्णा वर बघत म्हणाले, "वारं जातं, ऊन जातं. मग ह्या लहरीच कशा अडतात?"

मी आठवड्यापूर्वीची नळी सांगितली. जाळीचं भोक १० ते २० मिलिमीटर. हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटिमीटरची, म्हणजे २१० मिलिमीटर. तिला ती भोकं दिसतच नाहीत. जाळी काही नळीसारखी खोल नाही, त्यामुळे थोडी गळती होतेच. पण येणाऱ्या लहरीने त्या तारांमधे करंट उभा राहतो, आणि तो करंटच लहर परत पाठवतो. उन्हाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, तिला एवढं भोक म्हणजे वेस उघडी.

"तारेत करंट उभा राहतो," अण्णांनी पुन्हा म्हटलं. "किती?"

मी सांगितलं की आकाशातून येणाऱ्या त्या लहरींचं माप इतकं लहान आहे की त्यासाठी वेगळं एककच केलंय, जान्स्की. वॉटच्या आधी दशांश चिन्ह देऊन पंचवीस शून्यं लिहायची आणि मग एक. तेही दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. खांबावरच्या सैल जोडातली साधी ठिणगी त्याच्यापुढे गर्जना ठरते. परत येताना अण्णांनी वाटेतल्या दोन खांबांवरचे जोड निरखून पाहिले. एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कळवला पाहिजे."

३० मार्च

टर्मवर्क जमा केलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कटऑफ फ्रीक्वेन्सी म्हणजे काय विचारलं. मी सूत्र नंतर सांगितलं. आधी खोडदची जाळी सांगितली. पंचवीसपैकी बावीस.

आज विभागाने अभिप्रायाचे कागद भरून घेतले. मी सुटसुटीत लिहून दिलंय: या विषयात क्लायस्ट्रॉनचा बाक सातव्या आठवड्यात येतो, तो पहिल्या आठवड्यात यावा. कर्लच्या आधी मुलांच्या हातात टोंग टेस्टर द्यावा आणि एक कंडेन्सर कापून दाखवावा. फुटके कंडेन्सर लागतील तेवढे आमच्या दुकानातून मिळतील. खाली नाव आणि रोल नंबर लिहिलाय.