भोगवटा

घरबांधणीच्या कागदपत्रांची मराठी ही एक स्वतंत्र बोलीच आहे. तीन वर्षांपूर्वी चंद्रपुरात एक लहानसे घर बांधायला काढले, तेव्हा या बोलीशी माझा प्रथमच निकटचा परिचय झाला. जोते, सामासिक अंतर, चटई क्षेत्र, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि सर्वांत शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. पंधरा-वीस वर्षे वर्गात मराठी शिकवणाऱ्याला या शेवटच्या शब्दापाशी थांबावेसे वाटले तर नवल नाही. भोगणे म्हणजे उपभोगणे, आणि भोगणे म्हणजे सोसणेही. घर राहण्याजोगे झाले, असे सांगणाऱ्या दाखल्याला असे दुहेरी नाव देणारा कारकून कोण असेल, असा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

त्या सबंध फायलीत भिंतीची उंची होती, रस्त्याची रुंदी होती, शेजाऱ्याच्या कुंपणापासूनचे अंतर होते, खिडक्यांचे प्रमाण होते. छप्पर किती तापावे, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. हे गाव चंद्रपूर. इथे नवतपा सुरू झाला की दुपारचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात, पारा ४७ अंशांपर्यंत चढल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि घराला रंग कोणता द्यावा यापेक्षा कूलर कोणत्या खिडकीत बसवावा याची चर्चा अधिक गांभीर्याने होते. ज्या गावी ऊन हीच घराची पहिली कसोटी, तिथे मंजूर नकाशावर उन्हाची नोंद नसावी, हे मला चमत्कारिक वाटले.

वास्तुविशारदांना तसे विचारले. ते म्हणाले, "संहिता आहे सर, पण ती तुम्हाला लागू नाही."

लागू नसलेली संहिता वाचण्यात एक निराळे सुख असते; परीक्षेला नसलेल्या पुस्तकासारखे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याच्या आधारे २००७ साली केंद्राने मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता काढली. निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८मध्ये 'इको निवास संहिता' आली. तिचा रोख होता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांकडे. २०२२च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. पण तिथेही मूळ मोजमाप १०० किलोवॉट जोडभाराचे. राज्यांनी ही संहिता स्वीकारायची, स्थानिक संस्थांनी ती बांधकाम परवानगीच्या नियमांत उतरवायची, तेव्हा कुठे ती एखाद्या नकाशापर्यंत पोचायची.

तिच्यातले मूळ म्हणणे मात्र कोणालाही कळेल इतके साधे आहे. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल, तर छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता आत झिरपू नये. छत सोडून उरलेल्या भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या आत असावी. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अमुक टक्के असावे. उष्ण-कोरड्या हवामानात १०, संमिश्र हवामानात १२.५. आपल्याकडे सर्रास पडणारा सहा इंची उघडा स्लॅब पहिल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. याचाच अर्थ, ज्याला आपण 'पक्के घर' म्हणतो ते उन्हाच्या बाबतीत पुरेसे कच्चे असते.

आमच्या मिस्त्रींनी ही संहिता वाचलेली नव्हती. पण पायाची आखणी चालू असताना ते म्हणाले, "सर, जिना पश्चिमेले घ्या. ऊन जिन्याले लागू द्या, माणसाले नाही." संहितेची पाने पालथी घालून मी जे समजून घेत होतो, ते या दोन वाक्यांत मावले होते. त्यांच्याच सांगण्यावरून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी झाली. १.२ ही मर्यादा गाठायला मात्र कोब्याखाली उष्णतारोधक थर लागतो. तो वास्तुविशारदांनी सुचवला आणि आम्ही घातला. मिस्त्रींचे ज्ञान आणि संहितेचे गणित परस्परविरोधी नाहीत. त्यांची एकमेकांशी ओळख झालेली नाही, एवढेच.

विटा राखेच्या होत्या. औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरातील बांधकामांत राखेपासून केलेले साहित्य वापरावे, असा केंद्राचा नियम १९९९पासून आहे. आरंभी ५० किलोमीटरचे असलेले त्याचे वर्तुळ पुढे ३०० किलोमीटरपर्यंत वाढले. आमच्या गावाला लागूनच २९२० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. कोळसा जळतो, विजेवर कूलर चालतो, राख भिंतीत येते, भिंत तापते आणि कूलर आणखी एक तास अधिक चालतो. चंद्रपूरकराला ऊर्जेचे हे चक्र कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो त्याच्या आतच राहतो.

इथवर सारे माझ्यापुरते होते. हा प्रश्न मला खरा भिडला तो वर्गात. बी.ए.च्या मुलांना 'आमचे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. गडचिरोलीच्या धानोरा, एटापल्ली भागांतून येणारी काही मुले त्या वर्गात होती. त्यांतल्या दोघांनी, एकमेकांचे न पाहता, जवळजवळ सारखेच लिहिले होते: घरकुल मिळाले, त्यात धान ठेवतो, कागदपत्रे ठेवतो, उन्हाळ्यात झोपायला मात्र शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात जातो.

प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे. २०१६पासूनच्या तिच्या रचनेत मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये, ही मूळ रक्कम. घर पक्के हवे ही अट. तिचा अर्थ बहुतेक ठिकाणी विटा-सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब किंवा पत्रा असाच होतो. ५०० चौरस मीटरची संहिता या २५ चौरस मीटरपर्यंत येत नाही. कूलरही येत नाही, आणि आला तरी विजेचे बिल परवडत नाही. म्हणजे उष्णतेपासून संरक्षणाचा नियम नेमका त्यांच्यासाठी आहे, ज्यांना यंत्र विकत घेऊन त्यावाचून निभावता येते.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कुडाच्या भिंतीला वाळवी लागते, कवेलू माकडे फोडतात, दरवर्षीच्या शाकारणीला माणसे आणि बांबू दोन्ही लागतात. पत्रा आला तो लोकांना सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे. पावसाळ्याच्या रात्री उशाशी भांडी मांडण्याचा कंटाळा आला म्हणून. पण त्या घराची खोल ओसरी, मातीची जाड भिंत, कवेलूंच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, यांत जे शहाणपण होते ते 'कच्चे' या एका शब्दाने आपण निकालात काढले. शब्दाने केलेला अन्याय मराठीच्या शिक्षकाला तरी दिसायला हवा.

वेगळे करता येते, याचे उदाहरण त्याच धानोरा तालुक्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शोधग्राममध्ये दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारले की तो कसा असावा. त्यामुळे तो गावासारखा, झोपड्यांच्या घडणीचा झाला आणि माँ दंतेश्वरीच्या नावाने उभा राहिला. तिथे आधी राहणाऱ्याला विचारले गेले आणि नंतर आराखडा झाला. घरकुलात हा क्रम उलटा असतो.

'संहिता' हा शब्द आमच्या झाडीपट्टीत वेदांपेक्षा नाटकाच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, तेव्हा संहिता कुणाच्या तरी पिशवीत असते; पण ती खरी होते ती मंडपात, समोर बसलेल्या माणसांच्या बोलीत. इमारतींच्या संहितेचेही तसेच व्हावे. तिचा मराठी अनुवाद पुरेसा नाही. ती मिस्त्रीच्या बोलीत यावी. घरकुलाच्या हप्त्याबरोबर छताला चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेला एक पडवी, समोरासमोर दोन खिडक्या एवढे तरी अटींत लिहिले जावे आणि त्याचे पैसेही दिले जावेत. अभियंता जोते मोजायला येतो, तसा एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता येऊन त्याने छताखाली बसावे.

माझ्या घराला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. त्या दोन मुलांच्या घरांनाही शेवटचा हप्ता मिळाला असेल; सरकारदरबारी तीही पूर्ण झालेली घरे आहेत. भोगवट्याचे दोन अर्थ आम्ही असे वाटून घेतले आहेत.