टाकी बदलायची की बोट विकायची?

पॉवरबोट म्हटलं की गॉगल, वारा आणि मस्त फोटो! दादाच्या बोटीला मात्र पेट्रोलचा वास येऊ लागला होता.

दादा अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला राहतो, चेसापीक बेच्या काठावर. मी बाल्टिमोरला नोकरी करते आणि वीकेण्डला त्याच्याकडे धाव घेते. बोट २१ फुटी, १९८८ची, सेकंडहॅण्ड. आम्ही सगळे बच्चेकंपनीसकट तिच्यात बसणार.

कारमधून गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं, उडून जातं. बोटीत ते बोटीतच राहतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी जाऊन बसते. मग एक ठिणगी पुरते! म्हणूनच अशा बोटीत स्टार्टर मारण्याआधी किमान ४ मिनिटं ब्लोअर चालवून आतली हवा बाहेर काढतात.

टाकी अ‍ॅल्युमिनियमची, डेकखाली फोममध्ये गच्च बसवलेली. त्या काळात बऱ्याच बोटींत तशीच असायची. फोममुळे टाकी हलत नाही, पण फोम आणि धातूच्या फटीत खारट पाणी अडकतं. तिथे हवा पोचत नाही आणि टाकी बाहेरून गुपचूप कुरतडली जाते. वर डेक चकाचक! ती काढायची तर डेकच कापायचा. खर्च जवळपास बोटीच्या किमतीएवढा.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. थंडीत वासही कमी येत होता.

"दादा, देऊन टाक ना!"

"आणि त्याची पोरं बसली की?"

विषय संपला.

बोटयार्डवाल्यांनी आधी पेट्रोल उपसलं, हवा खेळवली, गॅस डिटेक्टर फिरवला आणि मगच डेक कापला. जुन्या टाकीच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, एक-दोन नाही, बरीच. नवी टाकी पाणी न शोषणाऱ्या पट्ट्यांवर बसवली, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि हवा खेळते. पाइपही सगळे नवे. मग प्रेशर टेस्ट, सांध्यांवर साबणाचं पाणी. बुडबुडा नाही!

तुम्ही कधी जुनी बोट घेतलीत, तर रंग आणि म्युझिक सिस्टिम नंतर बघा. आधी टाकी किती वर्षांची आहे ते विचारा, तळाचं झाकण उघडा आणि नाक खुपसा. दादाची बोट यंदा पुन्हा पाण्यात उतरली. त्याची पोरं पुढे, मी मागे. वास फक्त खाऱ्या वाऱ्याचा.