मीठ, कोळसा आणि सही

बांधकामाच्या धंद्यात ज्याचे काम दिसते त्याचे पैसे आधी सुटतात. गवंड्याची भिंत दिसते, रंगाऱ्याचा रंग दिसतो, फरशीवाल्याची फरशी तर पाय घसरल्यावर फारच जवळून दिसते. वायरमनचे काम मात्र गिलाव्याच्या पोटात असते. ते दिसू लागले तर समजावे, काहीतरी बिघडले आहे. त्यामुळे तो बिल घेऊन आला, की ते काम बिल्डरलाही दिसेनासे होते.

सावेडीला आम्ही सोळा कुटुंबांनी एका इमारतीत फ्लॅट घेतले, तेव्हा हा हिशेब मला जवळून पाहायला मिळाला. इमारत शेठची आणि त्यातले विजेचे काम शेठकडून घेतलेल्या वायरमनचे. (सरकारी मराठीत याला 'तारतंत्री' म्हणतात, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून पाहणार नाही.) त्याचा भाव पॉइंटवर. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक पॉइंट. नकाशात सगळे मोजून दिलेले. पण नकाशा काढताना घरातल्या बाईला कोण विचारतो? आमच्या हिला देव्हाऱ्यापाशी एक पॉइंट हवा झाला, मग मिक्सरला एक, मग 'असू द्यावा' म्हणून एक. वायरमन शेठकडे पाही. शेठ फोन कानावरून न काढता हात हलवीत, "करून टाक रे!"

'करून टाक' या दोन शब्दांवर महाराष्ट्रातले निम्मे बांधकाम उभे आहे. उरलेले निम्मे 'बघू नंतर'वर. शेवटच्या बिलात जादा पॉइंट शंभरावर गेले, तेव्हा शेठ म्हणाले, "तुला सांगितलं कोणी? कागद दाखव."

तो कागद नव्हता. पण वायरमनकडे दुसरा एक कागद होता.

वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावे, असे १९५६च्या भारतीय वीज नियमांतला ४५वा नियम सांगत होता. ते नियम गेले, २०१०चे आले. तेही गेले, २०२३चे आले. वीज मंडळाच्या पोटातून २००५ साली महावितरण निघाले. नगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. ही अट मात्र जागची हलली नाही. काम झाले की परवानाधारकाने मेगर लावून तपासणी करायची आणि टेस्ट रिपोर्टवर सही करायची. ती नसेल तर मीटर नाही. बऱ्याच ठिकाणी काम एकाचे आणि परवाना दुसऱ्याचा असतो. सही करणाऱ्याने इमारत पाहिलेलीही नसते. आमच्या वायरमनचा परवाना स्वतःचा होता. म्हणजे सोळा कुटुंबांचा उजेड त्याच्या खिशातल्या पेनात अडकला होता.

पार्किंगमध्ये सभा भरली. "हा आपल्याला वेठीला धरतोय," असे बहुमत पडले. एका पेन्शनरांनी उपोषणाची सूचना मांडली. राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे आमच्याकडे अर्ज लिहिण्याआधी उपोषण सुचते. शेवटी घासाघीस होऊन आकडा ठरला. शेठनी चेक फाडला आणि म्हणाले, "हं, कर आता सही."

वायरमनने चेक दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "अर्थिंगचा खड्डा कुठंय?"

खड्ड्याच्या जागेवर शेठनी पेव्हर ब्लॉक बसवून गाडीची एक जागा जादा विकली होती.

"अरे, पैसे मिळाले ना? आता खड्डा कसला? आणि एवढं मीठ नि कोळसा कशाला? लोणचं घालायचंय?"

"शेठ, पैसे कामाचे होते. सही माझी हाये. उद्या कुणाचं लेकरू गिझरला चिकटलं, तर कागदावर नाव कुणाचं तेच बघत्यात."

सभा गप्प झाली. गिझरच्या अंगात वीज उतरली, तर तिने माणसातून न जाता त्या तारेने, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातून जमिनीत जावे आणि वरचे बटण आपोआप पडावे, एवढाच त्या खड्ड्याचा उद्योग. आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला परंपरेने घरांना दारे-कुलपे नसतात. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. तिथे शनिदेव बघून घेतात. पण अर्थिंगचे खाते अजून कुठल्याच देवाकडे सोपवलेले नाही. ते परवानाधारकाकडेच आहे.

मी बँकेत गेली वीस वर्षे सह्या ताडून पाहतो. हळदीकुंकवाला साखर घ्यावी तितक्या सहजतेने लोक जामीनदार म्हणून सही करतात आणि नोटीस गेली की म्हणतात, "मी नुसती सही केली होती, साहेब!" जणू सही कोणा दुसऱ्याने केली आणि हात तेवढा यांचा होता. वीस वर्षांत हा एकच माणूस असा भेटला, की जो पैसे मिळाल्यावरही सही करण्याआधी खाली वाकून जमीन पाहत होता.

पेव्हर ब्लॉक निघाले. जागा घेणाऱ्याचे पैसे शेठना परत करावे लागले, आणि मीठ-कोळशाचा खर्च त्यांनी आमच्या नावावर 'जादा काम' म्हणून लावला. आम्ही एकमुखाने म्हणालो, "तुम्हाला सांगितलं कोणी? कागद दाखवा."

आठवड्यात मीटर बसले. आता त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. ते कोणी घालायचे, हा विषय सोसायटीच्या तीन सभांपुढे आला आणि तिन्ही वेळा 'बघू नंतर' असा ठराव झाला. तूर्त रविवारी सकाळी मी बादली घेऊन जातो. आमची ही वरून गॅलरीतून पाहत असते.

"तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाहीत ते!"