डोंगरावरचे चर आणि टेबलावरची रेल्वे

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, हे आमच्यासारख्या घरात आधी खिशाला विचारून ठरते. यंदा आम्ही दोन नमुने पाहायचे ठरवले. पहिला आमच्या नगर जिल्ह्यातला, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. तो म्हणजे हिवरे बाजार, नमुन्याचे गाव. दुसरा पुण्यातला, नमुन्याची रेल्वे. बरोबर आमचे आण्णा होते. दौंड-मनमाड लाईनवर गँगमन म्हणून त्यांची सारी नोकरी गेली.

हिवरे बाजार नगरहून जवळच आहे. पाऊस इथे कमीच. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडकळीस आले, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काळात गावाने श्रमदानाने आणि सरकारी योजनांच्या मदतीने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि पाणी फार पिणाऱ्या पिकांना आवर घालायचा, असे नियम केले. पावसाळा संपला की किती पाऊस पडला याचा हिशेब मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच.

मुले झाडे पाहत होती. आण्णा मात्र चरांपाशीच थांबले.

"असले चर आम्हीबी खणायचो," ते म्हणाले. "डोंगर कापून रूळ नेलाय ना, तिथं वरच्या अंगाला. ह्यांनी पाणी अडवलं, आम्ही पाणी बाहेर काढलं. एवढाच फरक."

"आजोबा, पाणी रुळावर आलं तर काय होतं?" थोरलीने विचारले.

"खडीखालची माती वाहून जाती. रूळ अधांतरी लोंबकळतो. वरून गाडी आली की संपलं."

इतकी वर्षे एका घरात राहून हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुणे गाठले. कर्वे रस्त्याच्या बाजूला कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेपोटी जमवलेल्या आणि बनवलेल्या गाड्यांतून ते उभे राहिले. आधी ते आपली मांडणी प्रदर्शनांतून लोकांना दाखवत. १ एप्रिल १९९८ पासून ती कायमची एका जागी आली. एका दालनात सारे शहर मांडले आहे. स्टेशन, सिग्नल, पूल, डोंगर, रस्ते, आणि त्यांतून धावणाऱ्या नाना तऱ्हेच्या गाड्या. दिवे मालवले की रात्र होते आणि घराघरांत उजेड लागतो. आमचा धाकटा तर डोळ्याची पापणी लववत नव्हता.

हा छंद जुना आहे. १८९१ साली मेर्कलिन या जर्मन कारखान्याने लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली होती. १९१० साली लंडनमध्ये मॉडेल रेल्वे क्लब निघाला. असे क्लब एकेक फळी वेगळी बनवतात आणि प्रदर्शनाच्या जागी त्या जोडून लांबच लांब लाईन करतात. एकट्याचे काम नव्हे, दहा हात लागतात.

यातले एक माप खूप चालते. खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. त्या मापाच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. पण हे अंतर युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या लाईनवरून काढलेले. आपली बडी लाईन १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. ती त्याच मापात १९ मिलिमीटर भरेल. हे ऐकून आण्णा हसले. "साडेपाच फूट तर माझीच उंची. म्हंजे मी तिथं नखाएवढा!"

मग त्यांनी विचारले, "हिचा रूळ कोण बघतं?"

प्रश्न साधा होता, पण कामाचा होता. अशा छोट्या रेल्वेत वीज बहुधा रुळांतूनच इंजिनाला मिळते. रुळावर धूळ बसली, मळी धरली, की वीज तुटते आणि गाडी जागीच अडते. म्हणून कुणीतरी रोज फडके घेऊन रूळ पुसावे लागतात, सांधे तपासावे लागतात. म्हणजे छोट्या रेल्वेलाही गँगमन लागतोच. पाहणाऱ्याच्या नजरेत तो येत नाही, एवढेच.

खऱ्या रेल्वेतही तो कुणाच्या नजरेत येत नव्हता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दुखणे मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला बढती नाही. त्याच मनमाडच्या लाईनवर पुढे आण्णांनी घण मारला.

परतताना दौंडमार्गे गाडीने आलो. एके ठिकाणी गाडी हळू झाली. बाजूला केशरी जाकिटातली माणसे पहारी घेऊन उभी होती. आण्णांनी खिडकीतून हात वर केला, त्यांनीही केला. थोरली विचारत होती, "आजोबा, ते आत्ता काय करतायत?" आणि आण्णा नगर येईपर्यंत सांगत राहिले.

वाचकहो, मुलांना ही दोन्ही ठिकाणे जरूर दाखवा. पुण्याला जाण्याआधी खेळांच्या वेळा विचारून घ्या. आणि घरात कुणी रेल्वेत, गिरणीत, बांधकामावर राबलेले असेल, तर त्यांनाही बरोबर न्या. आम्हाला तिकिटाच्या पैशात दोन नमुने दिसले, आणि आमचे आण्णा कळले.