डेटा मुंबईत, चावी कुणाकडे?

सांगलीकडच्या एका नागरी सहकारी बँकेत संगणक विभाग मी सांभाळते. ई-मेल, ठेवीदारांची केवायसी आणि बॅकअप क्लाउडवर न्यायचं ठरलं तेव्हा मी त्या बाजूचीच होते. 2019च्या महापुरात पाणी बँकेच्या पायऱ्या चढू लागलं आणि शिपायांनी सर्व्हर खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण क्लाउड सेवा विकणाऱ्या कंपनीचा माणूस एकच पालुपद लावून बसला होता, "मॅडम, डेटा मुंबईतच राहणार." संचालकांच्या माना डोलत होत्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018मध्ये पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचं बंधन घातलं, तेव्हापासून मुंबई म्हटलं की सगळे निर्धास्त होतात.

मी कराराचा मसुदा घरी नेऊन वाचला. मूळ कंपनी अमेरिकेतली. तिथल्या 2018च्या क्लाउड ॲक्टप्रमाणे कायदेशीर आदेश निघाला तर कंपनीला तिच्या ताब्यातला डेटा द्यावा लागतो, मग डिस्क डब्लिनमध्ये असो वा मुंबईत. आमचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनच्या चाव्याही त्यांच्याचकडे राहणार होत्या. त्याहून मला खटकलं ते पुढचं कलम: आंतरराष्ट्रीय निर्बंधांचं कारण असेल तर पूर्वसूचनेशिवाय सेवा थांबवता येईल.

"आपल्यासारख्या बँकेवर कोण निर्बंध घालतंय?" अध्यक्षांनी विचारलं. शंका रास्त होती. मी त्यांना गुजरातेतल्या वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीचं उदाहरण दिलं. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा निम्म्याच्या आसपास वाटा. जुलै 2025मध्ये युरोपीय महासंघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. भारताचा कायदा मोडलेला नव्हता, परवान्यांचे पैसे भरलेले होते, तरी कर्मचाऱ्यांचे मेल बंद! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पुन्हा सुरू झाली. "दिल्लीत वकील उभा करायची त्यांची ऐपत होती, साहेब. आपण सोमवारी काउंटरवर ठेवीदारांना काय सांगणार?" मी म्हटलं. त्यानंतर संचालक एकेक कलम विचारू लागले.

निर्बंधांचं कलम बदलायला कंपनीने साफ नकार दिला. लहान बँकेसाठी ते करार बदलत नाहीत. मग आम्ही केवायसी भारतीय कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवली, चाव्या आमच्या ताब्यात घेतल्या आणि बॅकअपची रोजची एक प्रत दुसऱ्या शाखेतल्या आमच्याच मशीनवर उतरवायला लागलो. ती प्रत अधूनमधून खरोखर चालवून पाहतो, कारण न तपासलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मेल मात्र अजून परदेशी कंपनीकडेच आहे, आणि ते मला आजही पटलेलं नाही.

खर्च वाढला, हे खरं. पण लोकांनी आधार, पॅन आणि सह्या आपल्या हवाली केल्यात. तुमची संस्था असा करार करत असेल, तर सर्व्हर कुठे आहे एवढं विचारून थांबू नका. चावी कुणाकडे, कायदा कुठला आणि सेवा बंद करायचा अधिकार कुणाला, हे लेखी मागा आणि मगच सही करा.