सक्तीचा कायाकल्प

माणसाला म्हातारपण न मागता येते. यंत्राला तारुण्यही न मागता येते, हे मला माझ्या संगणकाने शिकविले. २०१० साली घेतलेले ते यंत्र माझ्या गरजेपुरते उत्तम चालत होते. एके दिवशी सकाळी पाहतो तो पडद्यावर सूचना: नवी आवृत्ती बसविली जात आहे, संगणक बंद करू नये. माझी संमती कोणी विचारलीच नव्हती! दुपारपर्यंत कायाकल्प पुरा झाला, आणि ज्या जुन्या आज्ञावलीत मी मराठी लिहीत असे ती उघडेनाशी झाली.

तिच्यात माझ्या वडिलांच्या आठवणी होत्या. शेवटच्या आजारात ते सांगत गेले आणि मी टंकित करीत गेलो. आता तीच पाने दुसरीकडे उघडली, तर समोर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता केरकचरा! कारण साधे होते. जुन्या मराठी फाँटांत आपली अक्षरे रोमन अक्षरांच्या घरात बिऱ्हाड करून राहत; फाँट गेला की घरमालक तेवढे दिसतात. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःची घरे दिली होती. मी मात्र सवयीने भाड्याच्या जागेत राहिलो. तेव्हा सारा दोष दुसऱ्याच्या माथी कसा मारू?

मुलगा म्हणाला, “बाबा, आता नवाच घ्या.” मी दुरुस्तीवाल्याकडून जुनी आवृत्ती परत बसवून घेतली आणि त्या यंत्राची इंटरनेटशी असलेली सोयरीक कायमची तोडली. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेले यंत्र चव्हाट्यावर बसविणे शहाणपणाचे नव्हे, हे मलाही कळते.

आता रोज रात्री दोन पाने युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर क्षणात होते. पण ऱ्हस्व वेलांटी मधूनच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ‘ऱ’ तर हटकून चुकतो. वडील तरुणपणी सह्याद्रीच्या ‘दऱ्यांत’ हिंडले होते. रूपांतराने त्यांना ‘दर्यांत’ लोटले! आत्याच्या लग्नातल्या ‘आचाऱ्याला’ त्याने ‘आचार्य’ करून टाकले. म्हणून प्रत्येक ओळ जुन्या पडद्याशी ताडून पाहावी लागते.

त्या वेळी माझी बोटे वेगाने चालत, पण मन औषधांच्या वेळांत गुंतलेले असे. वडिलांचे बोलणे मी उतरवून घेतले, ऐकले मात्र नाही. एकेक अक्षर तपासताना ते आता ऐकतो आहे. त्या सकाळचे आभार मानण्याइतका मी उदार नाही. मात्र जुना संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, त्याबद्दल आता तक्रार करीत नाही. वडीलही बोलायला लागण्यापूर्वी चष्मा पुसण्यात असाच वेळ घेत.