‘न’चे स्थानमाहात्म्य

वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात यास्काचार्यांनी शब्दांचे चार वर्ग मानले आहेत: वस्तू सांगणारे नाम, क्रिया सांगणारे आख्यात, क्रियापदाला आधी जोडले जाणारे उपसर्ग आणि या तिहींत न सामावणारे, बहुधा एक-दोन अक्षरांचे निपात. निपातांची व्युत्पत्ती यास्क ‘पडणे’ या क्रियेवरून लावतात. नाना प्रकारच्या अर्थांत हे शब्द जाऊन पडतात म्हणून ते निपात. या वर्गातल्या ‘न’ या एकाक्षरी शब्दाविषयी त्यांनी जे निरीक्षण नोंदवले आहे ते दोन-अडीच हजार वर्षांनंतरही तितकेच ताजे वाटते. बोलीभाषेत ‘न’ फक्त नकार सांगतो, वेदांत मात्र तो नकारही सांगतो आणि उपमाही. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी तो येतो आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ऋग्वेदाच्या भाषेत ‘न’ क्रियेच्या आधी उभा असेल तर ‘नाही’ आणि ‘अश्व’ या शब्दामागे उभा असेल तर ‘घोड्यासारखा’. अक्षर तेच, उच्चार जवळजवळ तोच, आणि अर्थ एका टोकाचा दुसऱ्या टोकाला गेलेला.

‘जवळजवळ तोच’ असे म्हणण्याला कारण आहे. वैदिक छंदांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकांच्या, विशेषतः मॅकडोनेल यांच्या, असे लक्षात आले की नकाराचा ‘न’ पुढच्या स्वरात सहसा मिसळून जातो, तर उपमेचा ‘न’ लिहिताना संधीत गेला तरी म्हणताना वेगळाच राहतो. तो वेगळा म्हटला तरच चरणाची अक्षरे पुरी भरतात. मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडात या दोन ‘न’मध्ये श्वासाएवढे अंतर होते. नकारातून उपमा निघाली कशी, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की ‘घोडा नव्हे, पण घोडाच जणू’ या विचारातला ‘नव्हे’ झिजत झिजत ‘जणू’ होऊन बसला. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नसले तरी मराठी माणसाला ते परके वाटू नये. ‘वाघच की नाही?’ असे विचारणारा वाघाचा नकार करत नसतो.

पुढे संस्कृत व्याकरणकारांनी समासातल्या नकाराला ‘नञ्’ असे पारिभाषिक नाव दिले आणि त्याचे सहा अर्थ मोजले: सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. यांपैकी अभाव आणि विरोध कोणालाही सुचतील. अल्पतेचे परंपरागत उदाहरण मात्र मोठे बोलके आहे. ‘अनुदरा’ म्हणजे जिला उदरच नाही अशी नव्हे, तर जिची कंबर बारीक आहे अशी मुलगी. मराठीत रोज वापरले जाणारे ‘अमूल्य’ आणि ‘असंख्य’ हे शब्दही असेच तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण ज्याला मूल्य नाही ते टाकाऊ ठरायला हवे आणि ज्याला संख्या नाही ते शून्य. प्रत्यक्षात दोन्ही शब्द अगदी उलट दिशेला निघून गेले आहेत.

नकारासाठी ‘न’ हाच ध्वनी का, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी विचारला. त्यांचा 1917 सालचा नकारावरचा प्रबंध या विषयातला पायाभूत ग्रंथ मानला जातो. संस्कृतात ‘न’, फारसीत ‘न’, रशियनमध्ये ‘न्येत’, इंग्रजीत ‘नो’, लिथुआनियनमध्ये ‘ने’. एवढ्या भाषांत हा अनुनासिक ध्वनी नकारापाशी बसलेला पाहून येस्पर्सन यांनी असा तर्क केला की घृणेने नाक आक्रसताना जो उद्गार आपोआप निघतो, तोच या नकाराचा उगम असावा. मराठीत नापसंतीला ‘नाक मुरडणे’ म्हणतात, त्यामुळे हा तर्क येथे चटकन पटण्याजोगा आहे. पटतो तितका तो खरा नाही. वर दिलेल्या साऱ्या भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. त्यांच्यातले साम्य नाकाने घडवलेले नसून वारशाने आलेले आहे, जसे ‘पितृ’ आणि ‘फादर’ यांच्यातले. कुळाबाहेर, किंबहुना कुळातच थोडे बाजूला, पाऊल टाकले की नाकाची साक्ष फिरते.

बाजूचे ते ठिकाण म्हणजे ग्रीस. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. प्राचीन काळी शपथ घेताना किंवा एखादी गोष्ट ठासून सांगताना वापरला जाणारा ‘नाय’ हा शब्द उच्चार बदलत बदलत आज ‘ने’ झाला आहे, आणि नकारासाठी ग्रीकांनी फार पूर्वीच मूळचा ‘न’ सोडून ‘ऊक्’ हा वेगळाच शब्द धरला, ज्याच्या वंशातला ‘ओखी’ आज वापरात आहे. उत्तरेची सीमा ओलांडून बल्गेरियात गेले की तोच ‘ने’ म्हणजे ‘नाही’. पूर्वेला तुर्कस्तानात गेले की ‘ने’ म्हणजे ‘काय?’. तुर्की भाषेत आणखी एक ‘ने’ आहे, फारसीतून आलेला; तो जोडीने येतो आणि ‘हेही नाही, तेही नाही’ असे सांगतो. थेसालोनिकी हे शहर 1912 पर्यंत ओस्मानी साम्राज्यात होते आणि तेथे तुर्की, ग्रीक, स्लाव्ह आणि स्पेनमधून आलेल्या ज्यूंची बोली अशा कितीतरी भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. एकाच बाजारपेठेत ‘ने’ या उद्गाराचा अर्थ होकार, नकार किंवा प्रश्न यांपैकी काहीही होऊ शकत होता, आणि तरीही तो बाजार शतकानुशतके चालला. कारण उघड आहे: ऐकणारा आधी बोलणाऱ्याची भाषा ओळखतो, मग शब्द. मान हलवण्याची रीतही या भागात अशीच भाषेबरोबर ओळखावी लागते. ग्रीक माणूस नकार देताना मान मागे टाकतो, तर बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवण्याची आणि नकारासाठी ती वर उडवण्याची चाल रूढ आहे.

आशियाच्या दुसऱ्या टोकाला कोरियन भाषेतही ‘ने’ म्हणजे ‘हो’ किंवा ‘जी’. ग्रीक आणि कोरियन यांचा काडीचाही संबंध नाही. थोड्याशा ध्वनींतून हजारो शब्द घडवायचे म्हटल्यावर छोट्या शब्दांत असे योगायोग होणारच. लांब शब्दांतले साम्य नातेसंबंधाचा पुरावा ठरू शकते, एकाक्षरी शब्दांतले बहुधा ठरत नाही, ही खबरदारी भाषाशास्त्रात पहिल्या पायरीलाच घ्यावी लागते, आणि हौशी व्युत्पत्तिकार नेमकी तीच पायरी चुकवतात. कोरियनमध्ये याच ‘ने’चे आणखीही अर्थ आहेत: वस्तू मोजताना ‘चार’, आणि दुसऱ्या व्यक्तीसाठी ‘तुझे’. ‘माझे’ याचा उच्चार पूर्वी किंचित वेगळा होता. दोन्ही स्वर आता एकरूप झाल्याने ‘माझे’ आणि ‘तुझे’ कानाला सारखेच लागू लागले. माझे-तुझे यांचा गोंधळ मात्र कोणत्याही समाजाला परवडत नाही. कोरियन लोकांनी लेखन तसेच ठेवून ‘तुझे’ याचा बोलण्यातला उच्चार ‘नी’ करून टाकला. सोस्यूर यांनी भाषेविषयी जो सिद्धान्त मांडला, की शब्दाचे मोल त्याच्या ध्वनीत नसून आजूबाजूच्या शब्दांहून तो कसा वेगळा आहे यात असते, त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हे स्थानमाहात्म्य पाहण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. मराठीत ‘ना’ क्रियापदाला चिकटला की नकार होतो आणि सुटा राहिला की आर्जव. ‘तो येईना’ आणि ‘तू ये ना’ या दोन वाक्यांतला ‘ना’ एकच असला तरी पहिला वाट अडवतो, दुसरा दार उघडतो. ‘तो येईल ना?’ यात तिसरीच छटा येते: बोलणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे किंवा हवे आहे, आणि ‘ना’ त्यावर समोरच्याची सही मागतो. ‘येईना’ हा निव्वळ नकारही नाही. ‘दार उघडले नाही’ ही नोंद आहे; ‘दार उघडेना’ म्हटले की दाराला हट्ट येतो आणि उघडणाऱ्याची दमछाक वाक्यात शिरते. हाच ‘ना’ ‘असेना का’ किंवा ‘कोणी काही का म्हणेना’ यांत सूट देऊन मोकळा होतो. व्याकरणाच्या पुस्तकांत या साऱ्याला केवलप्रयोगी अव्यय, नकारार्थी रूप अशी नावे देऊन भागवले जाते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मात्र नेमके हेच सर्वांत उशिरा साधते. जपानी भाषेत याचा जणू जुळा भाऊ सापडतो. तेथे ‘इकु ना’ म्हणजे ‘जाऊ नकोस’ आणि ‘इकी ना’ म्हणजे ‘जा ना’. क्रियापदाच्या शेवटचा एक स्वर बदलला की मागचा ‘ना’ मनाई सोडून आग्रहाकडे वळतो.

प्रत्ययांच्या बाबतीत तर कर्ता आणि कर्म यांचीच अदलाबदल होते. मराठीत ‘रामाने मारले’ आणि हिंदीत ‘राम ने मारा’ म्हटले की मारणारा राम असतो. गुजरातीत ‘रामने मार्यो’ म्हटले की मार खाणारा राम असतो, कारण तेथे ‘ने’ हा कर्त्याचा नव्हे तर कर्माचा, मराठीतल्या ‘ला’च्या जागी येणारा, प्रत्यय आहे. गुजराती ‘ने’ ‘आणि’ या अर्थानेही येतो, आणि ‘बोलने’ म्हणजे ‘बोल ना’ असा लाडाचा आग्रहही करतो. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना हे काही नवे नाही. उंबरठ्याच्या आत ‘ने’ मारतो आणि बाहेर मार खातो, हे तेथील मुलांच्या कानाला कोणी शिकवावे लागत नाही.

गोव्यात अशी जोडी आणखी विलक्षण झाली. कोंकणीत ‘ना’ हे पूर्ण विधान आहे. ‘उदक ना’ म्हणजे पाणी नाही. 1510 ते 1961 पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये ‘ना’ म्हणजे स्त्रीलिंगी नामाआधीचे ‘मध्ये’. ‘ना आग्वा’ म्हणजे पाण्यात. एका भाषेत पाण्यामागचा ‘ना’ पाण्याचा अभाव सांगतो, दुसऱ्या भाषेत पाण्याआधीचा ‘ना’ पाण्याच्या आत नेतो. महाराष्ट्रात राज्यकर्त्यांच्या भाषेने वेगळाच व्यवहार केला. फारसीचा ‘ना’ हा उपसर्ग ‘नाराज’, ‘नापसंत’, ‘नालायक’ या शब्दांबरोबर मराठीत आला आणि मूळच्या ‘ना’शेजारी बसला. हे दोघे एकाच पूर्वजाचे वंशज असल्याने त्यांना वेगळे ओळखणे आता कोणाच्या मनातही येत नाही. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ या कचेरीतल्या शब्दात त्यांचे खाते कोणाच्या नावे मांडावे, हा प्रश्न वादाचाच आहे. ‘हरकत’ हा शब्द तर अरबीत ‘हालचाल’ होता आणि मराठीत येऊन त्याने हालचाल अडवण्याचा धंदा पत्करला.

लॅटिनमध्ये वाक्याच्या आरंभी येणारा ‘ने’ मनाई करत असे आणि शब्दाच्या शेपटाला लागलेला ‘ने’ प्रश्न विचारत असे, तेव्हा यास्कांच्या नियमाला तेथेही जागा होती. लॅटिनची लेक असलेल्या फ्रेंचमध्ये लॅटिनच्याच ‘नोन्’ या दुसऱ्या नकारशब्दाचा उच्चार झिजून ‘न’ इतका क्षीण झाला की त्याला टेकू म्हणून क्रियापदामागे ‘पा’ हा शब्द लावण्याची रीत पडली. ‘पा’ म्हणजे मूळचे ‘पाऊल’. ‘एक पाऊलही चालत नाही’ अशा बोलण्यातून तो सगळ्याच क्रियांना चिकटला. पुढे टेकूच खांब झाला. आज रोजच्या फ्रेंच बोलण्यात ‘न’ बहुधा गळून पडतो आणि एकटा ‘पा’ नकाराचे काम बजावतो. नकार आधी झिजतो, मग त्याला जोड मिळते आणि शेवटी जोडच मालक होते, या फेऱ्याला भाषाशास्त्रात येस्पर्सन यांचेच नाव मिळाले आहे. नाकाच्या तर्कापेक्षा त्यांचे हे निरीक्षण कितीतरी भक्कम ठरले. गळून पडलेला ‘न’ लेखनात मात्र टिकून आहे, आणि काही ठिकाणी तर नकाराचा लवलेश नसतानाही. ‘तो येण्यापूर्वी’ किंवा ‘तो येईल अशी भीती वाटते’ अशी वाक्ये लिहिताना सुशिक्षित फ्रेंच माणूस ‘येणे’ या क्रियापदाआधी आजही एक ‘न’ घालतो, ज्याने अर्थात काहीच भर पडत नाही. व्याकरणकार त्याला ‘भरीचा न’ म्हणतात.